गौरी कोण? आदिलाबादहून मेक्सिकोच्या दूतावासापर्यंत

तुमच्या घरात मेक्सिकोची सून असेल तर ही पोस्ट नीट वाचा. नसली तरी वाचा. आमच्या तरी कोणाच्या स्वप्नात आलं होतं!

माझा धाकटा भाऊ विनोद खाणीतला इंजिनियर. मेक्सिकोला नोकरीला गेला आणि येताना ग्वादालुपेला घेऊन आला. आम्ही तिला लुपे म्हणतो. विनोद आता मंचेरियलला कोळशाच्या खाणीत आहे. लुपे बाळंतपणापासून आदिलाबादला आमच्या आईजवळ, किराणा दुकानाच्या माडीवर. तीन महिन्यांपूर्वी तिच्या आईचा फोन आला: हृदयाचं ऑपरेशन ठरलंय, त्याआधी नातीला एकदा मांडीवर घ्यायचंय. लुपे दिवसभर रडत होती. चौकशी केली तर कळलं की छोट्या मीराची नोंद आधी मेक्सिकोच्या दप्तरी करायची, मग तिथला पासपोर्ट, मग प्रवास. विनोदला सुट्टी मिळेना. मी म्हटलं, मी जाते सोबत.

पण जायचं कुठे? आमच्याकडे दवाखाना म्हटला की नागपूर आणि सरकारी काम म्हटलं की हैदराबाद, ही निजामाच्या काळापासूनची सवय. त्यात आमचे हे बियाण्यांच्या धंद्यापायी महिन्यातून दोनदा हैदराबादला. ते छाती काढून म्हणाले, "मेक्सिकोचं हापिस? म्या सोता पाह्यलं ना. हिरवा, पांढरा, लाल झेंडा हाय." इतकं ठाम बोलल्यावर मी कशाला कोणाला विचारते!

पहाटेच्या बसने निघालो. हायवे लोण्यासारखा आहे, निर्मळच्या अलीकडे सागाचं जंगल आणि घाट लागतो, लेकरू सोबत असेल तर पुढची सीट धरा. वाटेत इडली गरम मिळते, चटणी मात्र जिभेला चटका देते. आम्ही पाणी शोधत होतो आणि लुपे दुसऱ्यांदा मागत होती. दुपारी ह्यांनी सांगितलेल्या इमारतीसमोर रिक्षातून उतरलो. झेंडा होता. हिरवा, पांढरा, लाल. मी लुपेकडे विजयी नजरेने पाहिलं, तर ती मान वर करून उभीच.

"ताई, गरुड कुठं हाय?"

"कोणता गरुड?"

"आमच्या झेंड्यावर गरुड असते. चोचीत साप."

अगं बाई! तो भलत्याच देशाचा झेंडा होता. भर रस्त्यात उभं राहून दूतावासाला फोन लावला. उत्तर आलं की काही शहरांत मानद वाणिज्यदूत असतात, पण बाळाची नोंद आणि पासपोर्ट ही कामं दिल्लीलाच. वेळ आधी ठरवून या. ह्यांना फोन केला तर म्हणतात, "पन रंग तर तेच व्हते ना?" मी फोन ठेवून दिला.

वेळ ठरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीची गाडी धरली. आणि गाडी आली कुठे? मंचेरियलला! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आदिलाबादहून सरळ मंचेरियलला येऊन बसलो असतो तर हैदराबादची वारी वाचली असती, तुम्ही तरी असं करू नका. विनोद फलाटावर ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा घेऊन उभा होता. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीतून मीराचे पाय धरून होता. "ताई, सारे कागद घेतले ना?" एवढंच दोनदा विचारलं.

कागद सारे घेतले होते. फजिती कागदांतच होती.

दूतावासातल्या बाई गोड बोलणाऱ्या. लुपेशी त्यांच्या भाषेत गप्पा झाल्या, मीराचा गालगुच्चा झाला. मग त्यांनी मीराचा जन्मदाखला पाहिला, लुपेचा पासपोर्ट पाहिला, पुन्हा दाखला पाहिला आणि मला इंग्रजीत विचारलं, "ही गौरी कोण?"

विनोदचं लग्न इथे पुन्हा आपल्या पद्धतीने लावलं, तेव्हा ताटात तांदूळ पसरून त्याने अंगठीने नवं नाव लिहिलं होतं: गौरी. आईनेच ठरवलेलं. लुपेलाही आवडलं होतं, लाडाचं नाव असेल असं तिला वाटलं. बाळंतपणाला दवाखान्यात आईचं नाव विचारलं तेव्हा आमच्या आईने काय सांगावं? गौरी विनोद. सुनेचं नाव म्हणजे सासरचं नाव, त्यात विचार कसला करायचा!

"हीच गौरी," मी लुपेकडे बोट दाखवलं.

"ही ग्वादालुपे," बाई शांतपणे म्हणाल्या. "या दाखल्यावर मीराची आई दुसरीच बाई आहे."

लुपे पांढरीफटक पडली. मीराला छातीशी धरून मला म्हणाली, "ताई, माही लेक माही नाय?"

एवढ्या लाडाने ठेवलेल्या नावाने आम्ही तिचं आईपण पुसून टाकलं होतं.

बाईंनी पाणी दिलं, धीर दिला. दाखला दुरुस्त करून आणा, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, मी वेळ देते, म्हणाल्या. त्यांच्याकडे बाई जन्माचं नाव आणि बापाचं नि आईचं अशी दोन्ही आडनावं मरेपर्यंत सांभाळते. मग उरलेली माहिती भरायला घेतली. मीराच्या इकडच्या आजोबांचं नाव सांगितलं. आजीचं?

"शांताबाई," मी म्हटलं.

"हे लग्नानंतरचं ना? जन्माचं नाव?"

मला माझ्या आईचं नाव ठाऊक नव्हतं! नार्नूर तिचं माहेर, लहानपणी सगळ्या सुट्ट्या तिथे काढल्या, पण ती सगळ्यांत थोरली, तिला सगळे अक्का म्हणत. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नाही. लाजेने कान तापले. तिथूनच फोन लावला.

"आई, तुझं माहेरचं नाव काय?"

"काऊन? कोन इचारून राह्यलं?"

"मेक्सिकोचं सरकार."

दुकानातल्या गलक्यातून हळूच आवाज आला, "सुभद्रा." आणि लगेच, "फोन ठेव आता, गिऱ्हाईक हाय."

परतीचं तिकीट मात्र मंचेरियलचंच काढलं. विनोद पुढे आदिलाबादपर्यंत सोबत आला. आईला सगळं सांगितलं तेव्हा ती मटकन खाली बसली. "माया पोरीची लेक म्याच हिरावली होती का गं?" म्हणत लुपेच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दाखल्याला काही आठवडे लागले, पण काम झालं, पासपोर्ट आला आणि लुपे मीराला घेऊन मेक्सिकोला गेली. परवा फोटो आला: लुपेची आई दवाखान्याच्या खाटेवर, मांडीवर मीरा, आणि लुपे दोघींना धरून हसतेय. ऑपरेशन आज आहे, इकडे आमच्या आईने सकाळपासून देव पाण्यात ठेवलेत.

एवढी दिल्ली पाहिली, पण मनात राहिलंय ते आदिलाबादच्या वकिलाचं टेबल. प्रतिज्ञापत्र आईनेच करायचं होतं, दवाखान्यात नाव तिनेच सांगितलेलं. गौरी आणि ग्वादालुपे एकच, हे लिहून झालं. मग वकिलाने पेन वर धरून विचारलं, "अम्मा, आपका नाम बोलो."

आईने लुपेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोनतं सांगू?" ती म्हणाली.