मामी आणि माझी आंबेडाळ

वेस्ट मांबलमला, तमिळ वस्तीत, आमचं नवं बिऱ्हाड होतं. चैत्रातल्या एका सकाळी भात होताच स्टोव्हचं रॉकेल संपत आलं. उरल्यासुरल्यावर फोडणी तेवढी झाली. भरड वाटलेल्या हरभरा डाळीत कैरी किसून मी वर ती ओतली. झालं जेवण! तेवढ्यात घरमालकीण मामी डोकावल्या.

"अय्यो, वड्याचं वाटण कच्चंच खाणार? आण, मी तळून देते," म्हणत त्यांनी पातेलं उचललंसुद्धा!

असा संताप आला! मी पातेलं हिसकावलं आणि त्यांच्या हातावर चमचाभर डाळ ठेवली. त्यांनी ती खाल्ली आणि पुन्हा हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे डाळ वाटल्याचा आवाज आला. मी कान लावून बसले. तळल्याचा आवाज काही आला नाही.