शंभरात एकतीस

गेली अठरा वर्षं मी छातीच्या सीटी स्कॅनमधले ठिपके मोजतो. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि उरलेल्या वेळात संगणकाला फुफ्फुसातली गाठ ओळखायला शिकवतो. त्यावरच मला पीएच.डी. मिळाली. तेव्हापासून नातेवाईक मला डॉक्टर म्हणतात आणि कुणाचं काही दुखलं की फिल्मची पिशवी घेऊन घरी येतात. मी दर वेळी सांगतो, मला एकट्या माणसाची फिल्म वाचता येत नाही. हजार फिल्म एकदम द्या, त्यांतल्या किती वाचताना संगणक चुकला ते सांगतो. हे कुणाला पटत नाही.

दिवाळीनंतर जयसिंगपूरहून अक्का आणि दाजी आले. दाजींचं तिथं भांड्यांचं दुकान आहे. खोकला महिनाभर हटेना म्हणून त्यांचा स्कॅन झाला होता. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला बारा मिलिमीटरचा ठिपका होता. छातीच्या डॉक्टरांनी सुई घालून तुकडा काढून तपासायला सांगितलं होतं. दाजी रक्त तपासायला देतानाही तोंड फिरवतात.

"डॉक्टर सांगतायत तसं करा," मी म्हणालो.

"ते सांगणारच की. तुमचं मशीन काय म्हणतंय ते सांगा."

"दाजी, मी माणसांचा डॉक्टर नाही."

"मग काय फोटोचा? चालंल. फोटोच आणलाय."

अक्का हसली नाही. म्हणाली, "बघ की रे एकदा. माझ्या जिवाला बरं वाटंल."

दुसऱ्या दिवशी मी फिल्मसोबत मिळालेली स्कॅनची सीडी कॉलेजात नेली. आमच्या कामाची पहिली पायरी म्हणजे स्कॅनवरचं नाव पुसणं. सवयीनं मी दाजींचंही नाव पुसलं आणि तिथं क्रमांक टाकला. प्रोग्रामनं त्या ठिपक्याला एकतीस गुण दिले, शंभरापैकी.

या आकड्याची लायकी मला माहीत होती. रोग असण्याची शक्यता एकतीस टक्के, असा त्याचा अर्थ होत नाही. कुठला ठिपका जास्त संशयास्पद आणि कुठला कमी, हे लावण्यापुरता तो असतो. त्यातून माझा प्रोग्राम दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या यंत्राच्या स्कॅनवर शिकलेला. हे सगळं मी संध्याकाळी दाजींना सांगितलं, चांगली दहा मिनिटं. आकडा लपवणं मात्र मला खोटं बोलण्यासारखं वाटलं, म्हणून तोही सांगितला.

दाजींनी दहा मिनिटं सोडून दिली आणि आकडा धरला.

"पस्तीसला पास न्हवं? म्हंजे रोग नापास झाला की."

"तसं नसतं दाजी. हा पेपर नाही."

"चार मार्कं कमी हायत, पावणं. तुम्ही मास्तर असून रोगाला ग्रेस देताय व्हय?"

यावर अक्कासुद्धा हसली. महिनाभरात मी पहिल्यांदाच हसले, असं नंतर ती माझ्या बायकोला म्हणाली. मी सुईचं पुन्हा सांगितलं. ते परत गेल्यावर फोनवर सांगत राहिलो, एकूण सात वेळा. दाजी फोन स्पीकरवर टाकायचे आणि समोरच्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमचं पावणं. रोगाला पास कराय मागं लागल्यात." तेवढ्यात खोकलाही थांबला. आठव्यांदा मी फोन केला नाही.

आठ महिन्यांनी त्यांच्या थुंकीत रक्त आलं. कोल्हापुरात पुन्हा स्कॅन केला. ठिपका आता चोवीस मिलिमीटरचा होता. मी पडद्यावर स्वतः दोनदा मोजला.

डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. त्यांनी जुनी फिल्म मागितली, अक्कानं पाकीट पुढं केलं. पाकिटावर दाजींनी दुकानातल्या मार्करनं मोठं लिहिलं होतं, ३१/१००. नापासाच्या मार्कांखाली आम्ही मास्तर ओढतो तशी त्याखाली लाल रेघ होती.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय न्हाय, असंच," दाजी माझ्याकडे न बघता म्हणाले.

"मी सांगितलेला आकडा आहे," मी म्हणालो.

"कशाचा?"

याच प्रश्नाचं उत्तर मी शोधनिबंधांतून पानंच्या पानं लिहिलं आहे. अक्का पाकिटाकडे बघत राहिली. डॉक्टरांनी फिल्म बाहेर काढली, उजेडासमोर धरली आणि पाकीट टेबलावर पालथं ठेवलं.

सुईसाठी गुरुवारची वेळ मिळाली. जिना उतरताना अक्का पुढं गेली होती. दाजींनी कठडा धरला आणि हळूच विचारलं, "पावणं, सुई केवढी असती हो?"

मला माहीत नव्हतं.