दुसऱ्या बाजूचं ‘हाय’

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या भानगडींतला माणूस नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की मी चहा प्यायला बाहेर निघून जायचो. आता पंचाहत्तरी जवळ आली, अजून एक नवस बोललेलो नाही. त्यामुळे तुम्ही विश्वास ठेवाच असं म्हणत नाही... माझाच बसत नाही.

तेव्हा मी पाचगणीला एका बोर्डिंग शाळेत स्टोअर सांभाळायचो. तिथला एक गोरा मास्तर मायदेशी परत जाताना सेलवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर आणि एक एलपी मला देऊन गेला. कव्हरवर काळं आभाळ, एक राखाडी ग्रह आणि त्यावर पाठमोरा बसलेला माणूस. बँडचं नाव सांगून उपयोग नाही, त्यांच्या देशातही कुणी फारसं ऐकलेलं नव्हतं म्हणे. ऑर्गन लांबच लांब रेंगाळायचा, मधूनच गिटार विव्हळायची. दुसऱ्या बाजूला तर अख्खी एकच चीज, वीसेक मिनिटांची. याला स्पेस रॉक म्हणतात हे फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळायचं, की हे वाजवणाऱ्यांचं कुणीतरी हरवलंय. म्हणून असेल, पण मला ती रेकॉर्ड लय आवडायची.

कारण आमचंही हरवलं होतं. माझा थोरला भाऊ हणमंत एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला. मेला असंही कळलं नाही, सापडला असंही नाही. गाव आमचं वाळवा तालुक्यात. घरी आई आणि शालन वहिनी, दोघीच. वहिनी बावीस वर्षांची. लग्नानंतर दादा तिच्या वाट्याला जेमतेम दोन रजा आला होता.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी सुट्टीला घरी आलो, सोबत प्लेअर आणला. दुपारची वेळ. सोप्यात आई शेंगा फोडत बसली होती, मी दुसरी बाजू लावून पडलो होतो. आईचं रोजचं पालुपद चालू होतं, स्वतःशीच. “माझा हणमा हाय का न्हाई... कोन सांगंल?”

आणि रेकॉर्डमधून, त्या ऑर्गनच्या खालून, एक थकलेला पुरुषी आवाज आला – “हाय...”

आईच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. तिनं परत लावायला लावलं. त्याच जागी, तसाच – “हाय...” मी मनात म्हटलं, हे तर इंग्रजी. हाय म्हणजे उंच. आभाळातलं गाणं, त्यात दुसरं काय असणार! आजवर माझं लक्ष गेलं नसेल, एवढंच. आईला सांगणारच होतो, पण त्या संध्याकाळी दीड वर्षात पहिल्यांदा ती दोन भाकरी जेवली. मी तोंड मिटलं. दुसऱ्या दिवशी कव्हरवर हळदकुंकू!

चार दिवसांनी तासगावाकडून वहिनीचे वडील आले. साखर कारखान्यातला एक बिजवर बघितला होता, पोरीचा पाट लावायचा म्हणाले. आमच्यात तशी रीत आहे, कुणी नावं ठेवली नसती. आईनं त्यांच्यापुढे प्लेअर ठेवला. म्हातारा वैतागून बाहेर जाऊन बसला. मग वहिनी मला गोठ्यामागं भेटली.

“भावजी, तुमी शिकल्यालं हायसा. त्यात खरंच ‘हाय’ म्हनत्यात का? तेवढं सांगा, मग मी ठरवती.”

आता खरं लिहितो. ती गेली असती तर आईकडे बघायला मला नोकरी सोडून यावं लागलं असतं. मला पाचगणी सोडायची नव्हती. मी म्हणालो, “व्हय वहिनी, ‘हाय’च म्हणतंय.”

ती राहिली. वडील एकटेच परत गेले. दादा आला नाही. सहा वर्षांनी आई वारली, तेव्हा तिच्या रक्षेबरोबर ती रेकॉर्डही आम्ही कृष्णेत सोडली. वहिनीनं कुंकू पुसलं नाही, पाटही लावला नाही. वाळकं लाकूड व्हावं तशी म्हातारी झाली. आणि मी रिटायर होईपर्यंत पाचगणीत थंड हवा खाल्ली.

गेल्या वर्षी माझ्या मुलीनं तो अल्बम इंटरनेटवर शोधून दिला. दुसरी बाजू चार वेळा ऐकली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत माणसाचा आवाजच नाही! नुसतं वाद्य. खाली बँडच्याच एका म्हाताऱ्यानं लिहिलंय, की या बाजूला आम्ही मुद्दामच कुणी गायलो नाही.

फोन घेऊन गावी गेलो. वहिनीपुढे बसलो आणि सगळं कबूल केलं. तो शब्द इंग्रजी वाटत असूनही मी खोटं बोललो तेही, आणि आता तिथं काहीच नाही तेही. मग फोनवर ती दुसरी बाजू लावली, तिनं वीस मिनिटं, अगदी शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली,

“मला तवाबी कायच ऐकू आलं न्हवतं, भावजी. तुमी म्हनलासा, म्हनून ऱ्हायले.”

चहा करायला उठून गेली.

मी ऐकलं होतं. आईनंही ऐकलं होतं. तो आवाज कुणाचा, मला आजही माहीत नाही. आणि वहिनीला आता ते जाणून घ्यायचंही नाहीये.