पालथे हात

तोग्जान लहानपणी रडायची नाही. म्हणजे रडायची, पण आवाज न करता. आवाजाचा उपयोग नाही हे तिला वर्षाच्या आतच कळलं असावं. भूक लागली की ती रांगत आईपाशी जायची, तिच्या झग्याचं टोक ओढायची आणि आईनं खाली पाहिलं की मगच तोंड वाकडं करायची.

आमचा सगळा जिनाच तसा, म्हणजे त्या एका जिन्यावरची सगळी घरं. इर्तिश नदीच्या काठी, कामाचे हातमोजे शिवणाऱ्या जुन्या कारखान्याच्या मागं चार मजल्यांची इमारत आहे. तिथं बहुतेक सगळे बहिरे. कारखाना त्यांच्यासाठीच उभा राहिला होता. मशिनांच्या गोंगाटाचा यांना त्रास होणार नाही, असा विचार कुणीतरी केला असेल. मी तिथला कोठारवाला, ऐकू येणारा. तीस वर्षं त्या जिन्यात काढली. आमच्याकडं दारावर घंटा नसते, बाहेरचं बटण दाबलं की आत दिवा लागतो. खालच्या मजल्यावरच्याला बोलवायचं तर जमिनीवर पाय आपटायचा.

तोग्जानचा बाप कैरोल्ला कापड कापायचा, आई कुल्याश शिवायची. मुलगी ऐकणारी निघाली. सहाव्या वर्षापासून ती जिन्याचं तोंड झाली. पेन्शनचं ऑफिस, गॅसवाला, डॉक्टर, सगळीकडं तिला न्यायचे. नऊ वर्षांची असताना तिनं आईला दवाखान्यात सांगितलं की तुझ्या पोटात गाठ आहे आणि ती काढावी लागेल. गाठीची खूण तिला येत नव्हती, म्हणून मूठ आवळून पोटाशी धरली. परत आल्यावर ती माझ्या कोठारात मोज्यांच्या गठ्ठ्यांवर तासभर बसून राहिली. मूठ तशीच आवळलेली होती.

मोठी झाल्यावर तिला अल्माटीला जाऊन नद्यांच्या पाण्याचं शास्त्र शिकायचं होतं. सरकारी खर्चानं, म्हणजे प्रवेश परीक्षेत वरचे गुण मिळाले तरच. दुसरा रस्ता त्या घराला नव्हता.

"नद्याच का गं?" मी विचारलं होतं.

"आगा, पाण्याला काही समजावून सांगावं लागत नाही." वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडं आगा म्हणतात.

तिनं जावं असं जिन्याला वाटत नव्हतं. हे उघड कुणी बोललं नाही. तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी दामेली तेवढी अंगणात तिला अडवून हातवारे करायची, "पाणी मोजायला अल्माटीला कशाला? इथली नदी आटली काय?" बाकीचे हसायचे. हसताना तोग्जानकडं बघायचे नाहीत.

परीक्षा जुलैच्या मध्यावर झाली. एकशेचाळीसपैकी एकशे एकवीस. कुल्याशनं बाउर्साक, म्हणजे कणकेचे फुगीर गोळे, तळले आणि परात घेऊन दारोदार फिरली. जिन्यातले सगळे दिवे एकामागून एक लागत गेले. दहाव्या दिवशी तोग्जानच्या फोनवर चार ओळी आल्या. कॅमेऱ्यातल्या चित्रीकरणाची तपासणी झाली, परीक्षार्थीनं हातांनी इशारे केल्याचं आढळलं, निकाल रद्द.

तिनं इशारे केले होते, हे खरं होतं. ती ज्या भाषेत विचार करते, ती हातात आहे. गणित सुटेना की तिची बोटं मांडीवर, टेबलाच्या कडेवर, हवेत चालू लागतात. लहानपणापासून मी ते पाहिलंय. झोपेतही तिची बोटं हलतात असं तिची आई सांगायची.

"अगं, पण परीक्षेत ध्यानात आलं नाही तुला?" मी म्हणालो.

"तुम्ही विचार करताना जिभेवर लक्ष ठेवता का, आगा?"

अपील करायला तीन दिवस होते. आम्ही चौघं गेलो. तोग्जान, कैरोल्ला, मी आणि बहिऱ्यांच्या संघटनेची दुभाषी लिदिया गेन्रिखोव्ना. शहरात शिक्क्याचा कागद असलेली दुभाषी ती एकटीच. पासष्टीची, गुडघ्यांनी थकलेली. पुढच्या वर्षी ती निवृत्त व्हायची होती, आणि आपल्या जागी तोग्जान बसावी हे तिच्या मनात कधीपासून होतं. तरीही ती आली. तोग्जानला दुभाषाचं काम तिनंच शिकवलं होतं. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, त्याच्यातलं काही काढायचं नाही.

अपील समितीच्या अध्यक्षबाई आमच्याच वयाच्या, केस केशरी रंगवलेले. समोर थंड झालेला दुधाचा चहा. बाजूला लॅपटॉप घेऊन एक कारकून.

आम्ही बसतो न बसतो तोच कैरोल्लाचे हात सुरू झाले. आणि तोग्जान सवयीनं बोलू लागली, "मी कापड कापतो. तीस वर्षांत एकही मोजा वाकडा कापला नाही. माझ्या मुलीनं..."

"थांब, थांब," बाई म्हणाल्या. "तुझ्यावरच आरोप, आणि बापाच्या तोंडून तूच बोलणार? छान! गप्प बस तू."

मी उठलो. "मी सांगतो. मला येते यांची भाषा."

"कागद आहे?"

कागद नव्हता. मी बसलो. लिदिया गेन्रिखोव्नानं आपला कागद टेबलावर ठेवला आणि कैरोल्लाला मान हलवून खूण केली.

कैरोल्ला म्हणाला, "तुम्हीही बोलताना हात हलवता. आत्ताच हलवलात. तुम्हाला कुणी धरत नाही." मग आणखी काहीतरी म्हणाला, भराभर. तोग्जाननं डोळे मिटून घेतले.

"हे काय होतं?" बाईंनी विचारलं.

लिदिया गेन्रिखोव्नानं घसा खाकरला. "मी म्हणतो, डोक्यावर भोपळा ठेवून कुणाला न्याय देता येत नाही."

कारकून खोकल्याचं निमित्त करून वाकला. बाईंनी केसांवरून हात फिरवला. त्या चिडल्या नाहीत, आणि ते मला जास्त वाईट वाटलं. "बाबा," त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षी इथंच तीन पोरं धरली. नाक खाजवलं तर पहिलं उत्तर, कान खाजवला तर दुसरं. त्याच्या आदल्या वर्षी एकीच्या वेणीत फोन निघाला. त्यांचेही बाप या खुर्चीत बसून रडले होते. मी कुणाचं तोंड बघून ठरवू?" मग कारकुनाला म्हणाल्या, "लाव ते."

पडद्यावर तोग्जान होती, वरून, थोडी मागून. आवाज नव्हता. मान खाली, कागदावर पेन, आणि टेबलाच्या कडेला डावा हात. बोटं चालली होती.

"वाचा," बाई लिदिया गेन्रिखोव्नाला म्हणाल्या. "खरं तेच वाचा. कागदावर सही आहे तुमची."

लिदिया गेन्रिखोव्नानं चष्मा लावला.

"दगड... पडतो. नाही. थांब. वजा. पुन्हा." ती थबकली. तोग्जानकडं पाहिलं नाही. "चार. हो, चार."

"प्रश्न कितवा होता?"

"सतरावा," कारकून म्हणाला. "उत्तर चार."

"झालं. उत्तर दाखवलं."

"स्वतःला दाखवलं," लिदिया गेन्रिखोव्ना म्हणाली.

"स्वतःला कोण दाखवतं?"

"तुम्ही मनात बोलता तेव्हा कुणाला सांगता, बाई?"

"मनात बोलते मी. तिथं कॅमेरा नाही."

मी विचारलं, त्या खोलीत ही भाषा कळणारं दुसरं कुणी होतं का? ऐकू न येणारी मुलं तर वेगळ्या खोलीत बसतात. बाई म्हणाल्या, इशारा केला की नियम मोडला. कुणी पाहिला, समजला की नाही, याला रकाना नाही. त्यांनी रकाने असलेला कागद आमच्याकडं सरकवलाही. खरंच नव्हता.

लिदिया गेन्रिखोव्नाला त्या दिवशी खोटं बोलता आलं असतं. ही नुसती बोटं मोडतेय, असं म्हणाली असती तर कुणाला कळणार होतं? जिन्यानं तिला ते कधी माफ केलं नाही. मी मात्र रागावू शकलो नाही. हाताचं जसंच्या तसं तोंडानं सांगायचं, एवढ्या एका गोष्टीवर ती जन्मभर उभी होती.

शेवटी बाईंनी पेन उचललं. "घरची परिस्थिती बघून एक संधी देते. नऊ ऑगस्टला पुन्हा परीक्षा. हात टेबलावर पालथे, लिहिणारा सोडून. एकदा जरी हलला, कायमचं बंद." मग तोग्जानकडं वळल्या. "खरंच येत असेल तर पुन्हा येईलच की, बाळ. नाही का?"

आम्ही आभार मानले. कैरोल्लानंही छातीवर हात ठेवला.

हातात अकरा दिवस होते. दुसऱ्या दिवशी ती कोठारात आली आणि म्हणाली, "एक जोड द्या. सगळ्यात जाड."

आमचे कॅनव्हासचे मोजे वेल्डिंगवाल्यांसाठी असतात. अंगठा वेगळा, बाकी चार बोटं एका पिशवीत. मी डाव्या हाताचा दिला. तो घालून ती दिवसभर स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी गणितं सोडवायची. पहिल्या दिवशी मोज्यात काहीतरी कोंडलेलं असल्यासारखी हालचाल दिसायची. चौथ्या दिवशी ती कमी झाली. सातव्या दिवशी मोजा टेबलावर नुसता पडून होता.

"जमतंय की," मी म्हणालो.

"डोकं चालतं, आगा. पण ते काय म्हणतंय ते मला ऐकू येत नाही."

मोजा हातात असताना ती घरात कुणाशी बोलू शकत नव्हती. उजव्या हातात पेन असायचं. कुल्याश समोर चहा ठेवायची, साखर हवी का विचारायची, आणि लेक मान हलवायची, परक्या माणसासारखी. नवव्या दिवशी कुल्याशनं तो मोजा ओढून काढला आणि खिडकीतून खाली अंगणात टाकला. तोग्जान जिना उतरून गेली, मोजा उचलला, झटकला, पुन्हा घातला आणि वर येऊन बसली.

नऊ ऑगस्टला मी तिच्याबरोबर दारापर्यंत गेलो. ती बाहेर आली तेव्हा डाव्या हाताची बोटं पांढरी पडली होती. टेबलावर दाबून ठेवली होती चार तास.

"हलला का?"

"नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही."

आठवड्यानं कागद आला, या वेळी पाकिटातून. कैरोल्लानं मला आणि लिदिया गेन्रिखोव्नाला बोलावून घेतलं. टेबलावर कुर्त, म्हणजे सुकवलेल्या दह्याचे खारट गोळे, आणि चहा होता. दुपारची वेळ. तोग्जाननं पाकीट फोडलं, वाचलं आणि लिदिया गेन्रिखोव्नापुढं धरलं. लिदिया गेन्रिखोव्नानं ते वाचून परत तिच्याकडं सरकवलं. "माझे हात आज चालत नाहीत," ती तोंडानं, हळू म्हणाली.

मला वाटलं मी सांगावं. पण कैरोल्ला माझ्याकडं बघत नव्हता. तो लेकीच्या हातांकडं बघत होता, कुल्याशही. या घरात कागद नेहमी तिनंच वाचून दाखवला होता.

तोग्जान उभी राहिली. शिकवल्याप्रमाणं पाठ ताठ केली आणि सांगू लागली, स्वच्छ, एकही खूण न गाळता. "आम्ही परीक्षार्थीला नियमानुसार संधी दिली. इशारे न करता तिला चौऱ्याऐंशी गुण मिळाले. यावरून आमची खात्री झाली आहे की आधीचे गुण तिचे स्वतःचे नव्हते. निकाल रद्द केला तो योग्यच होता. हा निर्णय अंतिम आहे." खाली सही आहे, हेही तिनं सांगितलं.

कैरोल्लानं टेबलावर थाप मारली, तिनं वर बघावं म्हणून.

"हे त्यांचं झालं," तो म्हणाला. "तू काय म्हणतेस?"

ती बसली. दोन्ही हात टेबलावर ठेवले, पालथे, बोटं जुळवून. कुल्याशनं तिच्या मनगटाला हात लावला. हात हलला नाही.

तेवढ्यात दारावरचा दिवा लागला. विझला, पुन्हा लागला. दारात तिसऱ्या मजल्यावरची दामेली होती, हातात दवाखान्याची चिठ्ठी. तिनं ती उंच धरून दाखवली. उद्या सकाळी, नऊ वाजता, चलशील ना?

तोग्जाननं चिठ्ठीकडं पाहिलं. मग उजवा हात सावकाश टेबलावरून उचलला आणि म्हणाली, हो.