माशाच्या तेलावरची गाडी

महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात घेतलेल्या आमच्या पिकअपने वेग धरला, की खालून खडखड येई. आंब्याच्या पेट्या बंदरावर न्यायला आमच्याकडे तेवढीच गाडी होती. कोल्हापूरहून आलेल्या, कोटाला फाउंटन पेन लावलेल्या मिस्त्रीने गाडीखाली न वाकताच निकाल दिला, "गिअरबॉक्स गेला. भंगारात काढा."

मी ऐकलं नाही. गिअर काढून, इंजिन बंद करून ड्रायव्हरला गाडी उतारावर सोडायला लावली आणि मागच्या फळीला कान लावून आडवा पडलो. खडखड चालूच. म्हणजे इंजिन निर्दोष, आणि आवाजही गिअरबॉक्सचा नाही, पार मागचा. मग खाली शिरून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा हलवला. त्याचा सांधा खिळखिळा झाला होता आणि आत चिकट राळ साचली होती.

आमचे ड्रायव्हर चाचा निम्मा जन्म गलबतावर राहिलेले. "चाचा, यात ग्रीस नाही?"

"माशाचं तेल घालतो ना, भाऊ! गलबताला चालतं, हिला काय धाड भरली?"

तेच वाळून राळ झालं होतं. सांधा बदलला, ग्रीस भरलं, पेट्या चढवल्या.

मिस्त्री म्हणाला, "वाटेत बंद पडली तर जबाबदारी माझी नाही."

"मागितली कोणी?" मी म्हणालो, आणि चाचांनी गाडी बंदराकडे काढली.