काजळाचा ठिपका

माझ्याकडं एक जुना कागद आहे. पाव शीट, कडा पिवळ्या पडलेल्या. मधोमध सुरईची नक्षी, डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी. खालच्या उजव्या कोपऱ्यात एक काळपट डाग, खोडरबरानं घासून पसरलेला. हा कागद का जपून ठेवलाय, असं बायकोनं एकदा विचारलं. मी म्हटलं, पहिलं चित्र आहे. ते खोटं होतं.

दुष्काळाचं साल होतं. ड्रॉइंग मास्तर होण्यासाठी वर्षाचा कोर्स करायला मी पुणतांब्याहून नगरला आलो होतो. गावाकडं गोदावरीची डबकी झालेली, आणि नगरच्या वर्गात चौघांत मिळून एक डबा पाणी. त्यातच चौघांनी ब्रश धुवायचे. आमच्या डब्याला मी, पाथर्डीकडचा एक बोलघेवडा मित्र, एक अबोल मुलगा आणि ती.

ती आमच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, म्हणून सगळे ताई म्हणायचे. ख्रिस्ती घरातली. नवरा दुसरीकडं संसार थाटून बसलेला. कडेवरची मुलगी आईपाशी ठेवून ही सावेडीकडून चालत यायची. तेव्हा सावेडीत बंगले नव्हते, शेतं होती. कोर्स पास झाली तर नोकरी, नाहीतर आईच्या घरी दुसऱ्याच्या तोंडाकडं बघणं. हे तिनं कधी लपवलं नाही.

मला ती आवडत नव्हती. खरं सांगायचं तर मी तिच्यावर नजर ठेवून होतो. कारण आमच्या गावाजवळच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तरची एकच जागा निघणार होती, आणि तिनंही तिथंच अर्ज दिलाय हे मला कळलं होतं. त्यानंतर तिचं सगळंच मला खटकायला लागलं. तिनं लाल ब्रश डब्यात बुडवला की वाटायचं, माझा पिवळा रंग नासवायला बुडवला. सरांशी ती हसून बोलली की वाटायचं, काहीतरी शिजतंय.

सर संकल्पचित्र शिकवायचे. पुस्तकातली व्याख्या फळ्यावर लिहायची आणि लगेच पुसून टाकायची, ही त्यांची पद्धत.

"तोल म्हणजे दोन्हीकडं सारखं काढणं नव्हे," ते म्हणायचे. "एका पारड्यात भोपळा, दुसऱ्यात वजनं. सारखी दिसतात का? पण काटा मधोमध. लय म्हणजे काय? शेजारीण भाकऱ्या थापताना मधेच थांबली तर आपण विचारतो ना, काय झालं हो? ती लय. आणि लग्नात शंभर बायका नटून आल्या, तरी नवरी कोण हे लांबून कळलं पाहिजे. चित्रातसुद्धा नवरी लागते."

"सर, आन् नवरदेव?" पाथर्डीकर.

"नवरदेवाकडं कोण बघतंय? खाली बस."

माझ्या चित्रात नवरी नसायची. अर्धं काढायचं, ट्रेसिंग पेपर उलटा करून दुसरं अर्धं उतरवायचं. सर बघून म्हणायचे, "स्वच्छ आहे. पण फार सारखं झालं की डोळा झोपतो."

एका दुपारी ही सुरई पुरी झाली. ती माझ्या मागं उभी राहून बघत होती. म्हणाली, "भाऊ, लई देखणं झालंय हो. दृष्ट लागंल." आणि तिनं डोळ्याच्या कडेला बोट लावलं, तिथलं काजळ घेतलं आणि माझ्या चित्राच्या कोपऱ्यात टेकवलं. तान्ह्या पोराच्या गालाला तीट लावतात तसं.

मी भडकलो. "ताई, चित्र नासवलंत!"

"नासवलं कुठं? तीट लावली. मी माझ्याबी चित्राला लावते."

"तुमच्या चित्राला काय लावायचं ते लावा."

मी खोडरबर घेऊन बसलो. काजळ तेलकट, ते जाईना, पसरत गेलं. पाथर्डीकर हसला, "पुसू नको लेका, आता तर कुठं चित्र जागं झालं." ती जागेवर गेली. माझ्या मनात पक्कं बसलं, हिनं मुद्दाम केलं.

परीक्षेला बाहेरचे साहेब आले. आमच्या सरांना त्या दिवशी आवारात येऊ दिलं नव्हतं. साहेबांनी सुरुवातीलाच बजावलं, "नंबर फक्त कागदाच्या मागं. पुढं नाव नको, सही नको, कसलीही खूण नको. कागदावर श्री लिहायची सवय असेल तर आजच्या दिवस देवालाही बाहेर ठेवा. खूण दिसली की पेपर रद्द."

विषय होता थाळीसाठी गोल नक्षी, तीन रंगांत. वेळ संपल्यावर सगळे कागद व्हरांड्यात वाळत ठेवले, कोपऱ्यांवर खडे ठेवून. मी मुद्दाम तिचा शोधला. आठ पानं, पिवळी, हिरवी, विटकरी. काम माझ्याइतकं साफ नव्हतं. पण खालच्या एका पानाच्या टोकाशी काळा ठिपका होता, आणि त्या ठिपक्यामुळं ती सगळी थाळी फिरायला लागल्यासारखी दिसत होती. डोळा पानांवरून फिरून पुन्हा तिथंच यायचा. सर जे वर्षभर सांगत होते ते तिथं होतं.

ते काजळ आहे हे मला बघताक्षणी कळलं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मला खरोखरच संशय आला होता, परीक्षकाला ओळख पटावी म्हणून तिनं खूण केली असं वाटलं होतं. नाही. मला कळलं होतं. तरी मी साहेबांजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "साहेब, त्या कागदावर खूण आहे."

त्यांनी कागद उचलला, मागचा नंबर वाचला, यादीत नाव बघून तिला बोलावलं. "हे काय?"

"तीट आहे साहेब."

"कागदाला तीट?" दोघं-तिघं हसले. "बाई, तुम्ही ख्रिश्चन ना? तुमच्यात तीट असते?"

"आमच्यातबी पोरं असतात की साहेब. दृष्ट काय जात इचारून लागती?"

आता सगळेच हसले, आणि साहेबांचा चेहरा आवळला. "नियम मी सकाळी सांगितला होता."

पाथर्डीकर पुढं झाला. "जाऊ द्या की साहेब. ठिपका तर हाय."

"तुम्हाला विचारलेलं नाही." मग ते तिला म्हणाले, "ही तुमची सवय असेल तर कुणीतरी पाहिलं असेल. आहे कुणी सांगणारं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, मदतीसाठी बघतात तसं. मी वाकून चपलेचा अंगठा नीट करायला लागलो. तो तुटलेला नव्हता.

पेपर रद्द झाला. त्या विषयात ती नापास, म्हणजे कोर्स नापास. पुढच्या वर्षी ती आली नाही. ती जागा मला मिळाली. तोल, लय आणि नवरी मी पोरांना शिकवत राहिलो, सरांच्याच शब्दांत.

बारा-तेरा वर्षांनी एका सहकाऱ्याच्या नव्या बंगल्यावर सावेडीला गेलो होतो. शेजारच्या ओट्यावर एक चष्मा लावलेली बाई साडीवर भरतकामाचा खाका उतरवत होती. भोकं पाडलेला कागद, त्यावरून निळीची पुरचुंडी. तिनंच ओळखलं. "भाऊ, बसा की." चहा केला. मुलगी दहावीला जाईल म्हणाली. कुठल्याही बोलण्यात आडपडदा नव्हता. मीच प्रत्येक वाक्याच्या मागं काय आहे ते चाचपत होतो. हिला माहीत आहे, आता बोलेल, आता बोलेल.

शेवटी तिनं विचारलं, "एक विचारू? त्या दिवशी साहेबाला कोणी सांगितलं, तुमाला कधी कळलं का? मला वाटतं त्यो पाथर्डीचाच. उगा मधे मधे बोलत हुता. चोराच्या मनात चांदणं."

मी म्हटलं, "असेल."

तीनच अक्षरं. पण व्हरांड्यात मी एका माणसाचं वाईट केलं होतं, ओट्यावर दुसऱ्याचंही केलं. जो एकटा तिच्या बाजूनं बोलला, तोच तिच्या लेखी चुगलखोर ठरला, आणि तो शब्द तिथं ठेवून मी चहा संपवला.

परवा तो कागद पुन्हा काढला. सुरई रेखीव आहे. पण आधी डोळा जातो तो घासलेल्या डागाकडं. त्या चित्रात दुसरं बघण्यासारखं काही नाहीच.

हे लिहिताना मी कुणाचंच नाव घातलेलं नाही. ताई, तुमच्या वाचनात आलं तर ठिपक्यावरून ओळखाल. पाथर्डीचा नव्हता. मी होतो. रविवारी तो कागद घेऊन सावेडीला येतोय. घरात घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.