कानात कापूस घालून

बाळ होण्याआधी मी रोज सकाळी ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर पाच किलोमीटर पळायचे. ऑफिसात, सासरी, सोसायटीत मी कुणाची तरी कुणीतरी असायचे. पळताना तेवढी मी माझी असायचे.

बाळ झालं आणि कोकणातून आई आली. तिच्या मते बाळंतिणीचं वाटोळं होतं ते वाऱ्यानेच. पंखा बंद, डोक्याला रुमाल, कानात कापूस, पोटाला तिचं जुनं पातळ घट्ट आवळलेलं. नवरा मात्र सहाच्या ठोक्याला जिमला. "अगं, तू घरातच योगा कर ना, मोबाईलवर खूप आहे," असं म्हणत तो बूट घालायचा. मला त्या बुटांचाही राग यायचा.

साडेतीन महिने झाले. सव्वा महिना कधीच उलटून गेला होता, पण आईचा वारा काही पडेना. एका सकाळी बाळाला पाजून उठले आणि रडू फुटलं ते थांबेचना.

"आई, अर्धा तास बाहेर गेले नाही ना, तर वेड लागेल गं मला."

ती घाबरली असावी. कापसाचे दोन बोळे वळून माझ्या हातात देत म्हणाली, "जा गो बाय. पण कान उघडे ठेवू नको."

तर मी अशी पळाले: डोक्याला रुमाल, कानात बोळे. फिरायला आलेले आजोबा वळून बघत होते. बघोत बापडे. दोन मिनिटांत धाप लागली, पोटऱ्या भरून आल्या, तरी इतका आनंद झाला की मी एकटीच हसत होते.

तेवढ्यात एका बिल्डिंगमध्ये कुणाचं तरी तान्हं मूल रडलं. कापसातूनही ऐकू आलं. ते माझं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या छातीला ते ठाऊक नव्हतं. पान्हा फुटला, टी-शर्ट पुढून भिजला. दोन्ही हात छातीशी धरून मी भर रस्त्यात उभी राहिले आणि मग घराकडे धावत सुटले.

"एवढ्यात आलीस?" आईने दार उघडलं. आत बाळ गाढ झोपलं होतं. मी गेल्यापासून हललंसुद्धा नव्हतं म्हणे.

मी तशीच दारात खाली बसले. इतके दिवस मनातल्या मनात मी बाळावर चिडत होते, आईवर, नवऱ्यावर चिडत होते. आज तर कुणीच अडवलं नव्हतं. आता भांडायचं कुणाशी?